आकडा ब्रेकनंतर

वजन घटवण्याच्या त्या स्पर्धेतला काटा तुम्ही पाहिलाच असेल. चार पायऱ्या चढून वर जायचं, खालून निळा उजेड, मागे भिंतीएवढा पडदा. लग्नाच्या स्टेजवरून नवरानवरीच्या खुर्च्या उचलून तिथे माणूस तोलायची सोय केल्यासारखा सगळा थाट. माणूस वर उभा राहतो आणि पडद्यावर आकडे धावायला लागतात. ११८. १२६. १०९. १३१. मागे ढोल. सूत्रसंचालिकेचा चेहरा. बायकोचा चेहरा. पुन्हा आकडे. समोरच्या टीममधल्या, मनातून त्याचं वाईट चिंतणाऱ्या माणसाचा चेहरा. आणि मग, 'आकडा कळेल, एका छोट्याशा ब्रेकनंतर!'

आमच्या कोपऱ्यावरचा वाणी काट्यावर अर्धा किलो साबुदाणा ओततो आणि दोन सेकंदांत आकडा ठरतो. त्याच्या काट्याच्या मनात कसलीही घालमेल नसते. मग स्टुडिओतला हा एवढा खर्चिक काटा १०९ आणि १३१ यांच्यात का हेलकावे खातो? फरक २२ किलोंचा आहे. २२ किलो म्हणजे दुसरीतलं एक पोर, दप्तर सोडून. म्हणजे माणूस जागचा हललेला नाही, श्वाससुद्धा रोखून उभा आहे, आणि दर सेकंदाला त्याच्या खांद्यावर एक पोर चढतंय, उतरतंय, पुन्हा चढतंय. असा काटा वाण्याने ठेवला असता तर गिऱ्हाइकांनी त्याला दुकानातच तोलला असता. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्याच्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. २००९चा तसा कायदाच आहे. इथेही किलोंवरच लाखोंचं बक्षीस ठरतं, म्हणजे व्यवहारच झाला. म्हणून मी शिक्का शोधायला टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. शिक्क्याच्या जागी प्रायोजकाचं नाव होतं. प्रायोजक बिस्किटवाले आहेत.

ब्रेकमध्ये तेच बिस्किट, मग थंड पेय, मग साजूक तूप, मग वितळतं चॉकलेट. तोवर तो बिचारा वरच उभा. दिव्यांची धग, घामाच्या धारा. माझी एक साधी मागणी आहे. ब्रेकमध्ये गेलेल्या घामाचं वजन त्याच्या खात्यात जमा करा. पुढच्या सीझनला तर व्यायामशाळा, ट्रेनर, शिट्ट्या सगळं काढून टाका, फक्त जाहिराती वाढवा. माणूस काट्यावर उभा राहून राहूनच बारीक होईल, आणि चॅनेलचं वजन वाढेल ते वेगळंच.

शेवटी आकडा येतो. आठवड्यात ११ किलो! टाळ्या. रडारड. ढोलवाला आडवा. आता जरा पाढे म्हणूया. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ११ किलोंच्या झाल्या ८४,७००, म्हणजे दिवसाला १२,१००. नुसतं जिवंत राहण्यात अडीच हजार जळतात असं धरलं, तरी १२० किलोंच्या या गृहस्थाला उरलेल्या जाळण्यासाठी रोज ८० किलोमीटर पळावं लागेल. म्हणजे चर्चगेटहून पळत सुटायचं, विरार गाठायचं, आणि विरारहून उलटं वळून मीरा रोडपर्यंत यायचं. लोकलमध्ये चढायचं नाही. हे सातही दिवस, उपाशीपोटी, वाटेत वडापावच्या एकाही गाडीकडे न बघता. तर मग हे ११ किलो होतं काय? बरंचसं पाणी होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तर शाळेतच शिकलोय. तोलायच्या आदल्या दिवशी पाणी तोडा, गरम कपडे घालून घाम काढा, काटा खूश. दोन दिवसांनी माणूस तांब्याभर पाणी प्यायला की कमावलेला किलो परत हजर. पण त्या दिवशी कॅमेरा नसतो.

आणि तो शर्ट! तोलायच्या आधी त्याला शर्ट काढायला लावतात. कशासाठी? म्हणे वजन अचूक यावं. शर्टाचं वजन २०० ग्रॅम. ज्या काट्याला २२ किलोंचं पोर चढलेलं-उतरलेलं चालतं, त्याला २०० ग्रॅम सुती कापड सोसत नाही! सरळ सांगा ना, तुम्हाला पोट दाखवायचंय. संथ गतीने, तीन कोनांतून, जेवणाच्या वेळेला, घराघरांत. त्या माणसाला आयुष्यभर वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक हसले, तेच हसू आता तुम्ही ढोल लावून विकताय आणि वर त्याला प्रेरणा म्हणताय. ट्रेनर त्याच्या कानाशी ओरडतो, तो धावायच्या पट्ट्यावरून पडतो, पडलेला पुन्हा दाखवतात. दोन दिवस पाणी न प्यायलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढता, आणि तेही कॅमेरा जवळ नेऊन. लाज कुठल्या काट्यावर तोलतात, कळवा.

बरं, तोलायची एवढी हौस आहे ना? मग आमच्याकडे या. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असायला हवा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर दारात तोलून दाखवायचा नियम आहे. मी दर खेपेला मागतो. दर खेपेला काटा खाली गाडीत राहिलेला असतो. गाडीपाशी जावं तर काटा गोदामात. गोदामात फोन केला तर काटा दुरुस्तीला. एका माणसाच्या पोटासाठी निळे दिवे नि ढोल, आणि अख्ख्या देशाच्या चुलीसाठी एक साधा आकडेवाला काटा मिळू नये? माझ्या मते खरा विजेता ती टाकीच आहे. डाएट नाही, ट्रेनर नाही, पट्ट्यावरून पडणं नाही. गोदामातून निघून आमच्या तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत वाटेतल्या वाटेत किलो-दीड किलो घटवते. अंगावर लाल रंग तेवढा, शर्टही काढावा लागत नाही. आणि घटलेलं पुन्हा कधी भरून येत नाही, हे तर कुठल्याच स्पर्धकाला जमलेलं नाही. तिला द्या चषक.

असो. पुढच्या सीझनची निवड सुरू झालीय. आमच्या इमारतीतला एक मुलगा जाऊन आला. परत पाठवला. पळायला बरा आहे, रडतोही चांगला, पण वजन सहा किलोंनी कमी पडतंय म्हणाले. महिनाभराची मुदत दिलीय. त्याने जिम सोडलीय, आईने डिंकाचे लाडू वळायला घेतलेत. शिवाय तब्येत ठणठणीत असल्याचं डॉक्टरांचं पत्रही लागतं. ते मात्र आत्ताच घेऊन ठेव, असं आयोजकांनी बजावलंय.