फॉरमॅटचे पाचशे

(पात्रं : मामा, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, हल्ली गृहनिर्माण संस्थेचे बिनपगारी चिटणीस. भाचा, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, मुक्त सॉफ्टवेअरचा कडवा प्रचारक. मामी. आणि दुरुस्तीवाला, जो शेवटी येतो, कारण तो कुठेही शेवटीच येतो. स्थळ : सांगलीतला एक हॉल. कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर नुकतंच घडी घालून बाजूला ठेवलेलं.)

भाचा : मामा, हे कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' काय लिहून येतंय?

मामा : ते असतंच. आधी फडक्यानं पुसून बघितलं. आता सवय झाली. जमाखर्चाची बेरीज नेमकी त्याच्याखाली जाते, तेवढी वर सरकवून घ्यायची.

भाचा : म्हणजे विंडोज चोरीचं आहे.

मामा : चोरीचं कसं? पाचशे रुपये मोजलेत. दुरुस्तीवाल्यानं काहीतरी चालवून ते अक्षर घालवलंही होतं. म्हणाला, अँटीव्हायरस ओरडेल, लक्ष देऊ नका. मी नाहीच दिलं. तर अँटीव्हायरसनं एक दिवस त्याची ती फाइलच गिळली आणि अक्षर परत आलं.

भाचा : मामा, अँटीव्हायरस ओरडत होता तो तुमच्या भल्यासाठी! आणि हे विंडोज 10 आहे. त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025ला थांबवला.

मामा : मला कुठं पत्र आलं?

भाचा : आणि या मशीनवर 11 रीतसर चढत नाही. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. तुमचा चौथ्या पिढीचा.

मामा : घेतला तेव्हा दुकानदार 'लेटेस्ट' म्हणाला होता.

भाचा : म्हणून सांगतो, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू. पूर्ण फुकट.

मामा : हे पण फुकटच आहे.

(भाचा गप्प. युरोप-अमेरिकेतल्या प्रचारकाला पहिलाच मुद्दा हमखास उपयोगी पडतो. आपल्याकडे तो पहिल्याच घरात बाद होतो. ज्यानं सॉफ्टवेअरला कधी दमडी मोजली नाही, त्याला फुकटचं आमिष काय दाखवणार?)

भाचा : अहो, ते फुकट वेगळं. इथे हक्क मिळतात. चार. कशासाठीही वापरा, आत काय आहे ते वाचून बदला, दुसऱ्याला प्रत द्या आणि बदललेलीही द्या. त्यांचे क्रमांकसुद्धा शून्यापासून सुरू होतात.

मामा : आमच्या ऑफिसात असं रजिस्टर लिहिलं असतं तर ऑडिटवाल्यांनी सोललं असतं. आणि मी आत वाचून काय करू? मला साधं चष्म्याशिवाय बाहेरचं वाचता येत नाही.

भाचा : तुम्ही नका वाचू. कुणीतरी वाचू शकतो, हे महत्त्वाचं. रिचर्ड स्टॉलमन नावाचा माणूस अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत होता. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा, अशी सोय त्यानं स्वतः करून ठेवली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा. पण त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता कुणी देईना. एका विद्यापीठातल्या माणसाकडे ती होती, तोही म्हणाला, कुणाला न देण्याचं कबूल केलंय. स्टॉलमनला ते फार लागलं. पुढे 1983मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला.

मामा : म्हणजे हे सगळं प्रिंटर चालेना म्हणून सुरू झालं?

भाचा : एका अर्थी, हो.

मामा : मग आता त्याच्यावर माझा प्रिंटर चालेल?

भाचा : ...बघावं लागेल.

मामा : चाळीस वर्षं झाली रे!

(मामी पोह्यांच्या बश्या घेऊन येतात.)

मामी : अरे, काहीही कर, पण माझी ती नारिंगी शंकूवाली खूण जाता कामा नये. भजनाचे सगळे व्हिडिओ तिच्यातच चालतात. दुसऱ्यात लावलं की आवाज येतो, चित्र येत नाही.

भाचा : मामी, ते व्हीएलसी! तेही मुक्त सॉफ्टवेअरच आहे. पॅरिसजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी 1996मध्ये सुरू केलं, 2001मध्ये सगळ्यांना खुलं केलं. रस्त्यावरचे ते शंकू त्या पोरांनी गोळा करून ठेवले होते, म्हणून तीच खूण.

मामी : उचलून आणलेले? आणि मघापासून चोर तुझे मामा ठरतायत!

भाचा : फायरफॉक्सही दिसतंय इथे. तेही मुक्त. म्हणजे अर्धं घर आधीच आमच्याकडे आलंय. मामा, हेच सांगायचं राहिलं. एकदम सगळं बदलायचं नसतंच. आधी आतले प्रोग्रॅम बदलायचे, तेही विंडोजवरच. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस घ्यायचं. महिनाभर वापरून हाताला बसलं, की मग खालची सिस्टिम बदला.

मामा : लिब्रेऑफिस कुठल्या कंपनीचं?

भाचा : कंपनी नाही, संस्था आहे. मूळ प्रोग्रॅम जर्मनीतला. तो सन कंपनीनं विकत घेऊन ओपनऑफिस नावानं खुला केला. 2010मध्ये सन कंपनीच ओरॅकलनं घेतली. नवे मालक काय करतील, कुणी सांगावं? म्हणून त्याच वर्षी बरेचसे कामकरी बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं.

मामा (सावरून बसत) : म्हणजे भाऊबंदकी! मग वाटणी कशी झाली?

भाचा : वाटणी नाहीच. दोघांनाही सगळंच्या सगळं मिळालं.

मामा : असं कसं? सात-बारा एकाच्याच नावावर राहणार ना?

भाचा : परवान्यातच लिहिलंय, कुणीही पूर्ण प्रत घेऊन वेगळं निघावं.

मामा : कोर्ट नाही, स्टे नाही, तारीख नाही?

भाचा : नाही.

मामा : मग त्या लोकांना वेगळं निघाल्याचं समाधान तरी काय मिळालं? (पोहे खातात.) बरं, आणि ते तुझं लिनक्स? त्याचा मालक कोण?

भाचा : लिनस टॉरवाल्ड्स. म्हणजे मालक नव्हे. 1991मध्ये हेलसिंकीत शिकत होता, एकवीस वर्षांचा. हौस म्हणून सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला. आज जगातले सगळ्यांत वेगवान पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात, अगदी पाचशेच्या पाचशे. तुमच्या मोबाइलमधल्या अँड्रॉइडच्या पोटातही तोच गाभा आहे.

मामा : मोबाइलमध्ये आहे ना? मग परत कॉम्प्युटरला कशाला?

मामी : अहो, घेऊ द्या की त्याला बघून. बाळा, टाकतोस कोणतं मग?

भाचा (डोळे लकाकतात) : लिनक्सचे प्रकार पुष्कळ. उबुंटू आहे, डेबियन, फेडोरा. सी-डॅकचं आपलं बॉस लिनक्स आहे. मी स्वतः आर्च वापरतो. त्यात एकेक गोष्ट आपण हातानं बसवायची, इतकं सुंदर...

मामी : वन्संच्या कॉम्प्युटरवर कोणतं आहे?

भाचा : आईच्या?

मामी : हो, तुझ्या आईच्या.

भाचा : ...विंडोज. आई ऐकत नाही.

मामी : तिला दिलं असतंस तर कोणतं दिलं असतंस? तेच आम्हाला दे.

भाचा : लिनक्स मिंट. खाली पट्टी, डावीकडे मेनू, सगळं तुमच्या ओळखीचं. चार जीबी रॅममध्ये बरं चालतं. आणि आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, हार्डडिस्कला धक्का न लावता. आहे का पेनड्राइव्ह? मात्र त्यातलं सगळं पुसलं जाईल हं.

(मामांनी पुढे केलेला पेनड्राइव्ह मामी झडप घालून काढून घेतात. त्यात धाकट्याच्या मुंजीचं शूटिंग आहे. भाचा स्वतःचा काढतो, लावतो, मशीन पुन्हा सुरू करून एफ-बारा ही कळ सुतारपक्ष्यासारखी टोचत बसतो. बऱ्याच वेळानं हिरवट पडदा उजळतो.)

मामा : अक्षर गेलं की रे कोपऱ्यातलं! सी ड्राइव्ह कुठाय?

भाचा : यात सी ड्राइव्ह नसतो.

मामा : मग व्हायरस कुठे येतो?

भाचा : तुमची डिस्क ही इथे दिसते बघा. सोसायटीचा फोल्डर. उघडा कुठलंही इतिवृत्त.

(मामा उघडतात. पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मामा मटकन खुर्चीत.)

मामा : माझ्या सभेचं काय केलंस तू?

भाचा : काही नाही केलं. कोणता फाँट वापरता?

मामा : कृतिदेव. सरकारी टायपिंगला तोच. मी टाइपरायटरवर शिकलोय, बोटं त्याचीच.

भाचा : तरीच. कृतिदेवमध्ये तुम्ही 'सभा' टाइप करता तेव्हा कॉम्प्युटर आत 'एल एच के के' साठवतो. फाँट त्या अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवतो, एवढंच. मुखवटा नाही, की असं. इतकी वर्षं तुम्ही कॉम्प्युटरच्या लेखी मराठीत एक अक्षर लिहिलेलं नाही, मामा. शोधायला जा, 'सभा' सापडणार नाही.

मामा : सापडत नाहीच! मला वाटायचं कॉम्प्युटर स्लो आहे.

भाचा : तुमच्या विंडोजच्या फोल्डरमधून फाँटची फाइल इकडे घेतो. ही उघडली, हे 'इन्स्टॉल' दाबलं. आता उघडा.

(इतिवृत्त उमटतं : 'सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेण्यात आली.' मामांच्या चेहऱ्यावर रक्त परत येतं.)

भाचा : जुनं असं दिसेल. नवं मात्र युनिकोडमध्ये लिहायचं. टाइपरायटरची मांडणी, इनस्क्रिप्ट, गमभन, सगळं मिळतं. तुमची बोटं बदलायला नकोत. लिब्रेऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात.

मामा : मेनू नकोत मराठीत. 'सेव्ह'ला काय म्हणतात ते शोधण्यात जन्म जाईल. आता प्रिंट काढ.

(येथे भाच्याचा चेहरा पाहावा. प्रिंटर मामांचा जुना लेझर, यूएसबीची वायर, वर देवाच्या फोटोसारखी हळदीची टिकली. मिंटला तो दिसतो. नावही बरोबर सांगतो. 'प्रिंट' दाबल्यावर रांगेत कागद लागतो, आणि रांगेतच राहतो.)

भाचा : नव्या वायफायच्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हरच लागत नाही. पण या जातीच्या जुन्या प्रिंटरमध्ये स्वतःची अक्कल कमी असते, सगळं कॉम्प्युटरनंच करून द्यायचं. ते कसं, हे फक्त कंपनीला माहीत.

मामा : म्हणजे तुझ्या त्या अमेरिकेतल्या माणसाचं जे झालं तेच.

भाचा : तेच.

मामा : मंगळवारी सर्वसाधारण सभा आहे. नोटिसा काढायच्यात. तू आज रात्रीच्या गाडीनं पुण्याला. मग मी कुणाला बोलवू? स्टॉलमनला?

(भाच्याकडे उत्तर नाही. दार वाजतं. मामींनी मघाशीच फोन केलेला असतो.)

दुरुस्तीवाला : काय काका, अक्षर परत आलं का? (पडद्याकडे बघतो.) अरे, मिंट! कुणी टाकलं?

भाचा : तुम्हाला माहितीये हे?

दुरुस्तीवाला : घरी तेच आहे की. दुकानातल्या बिलाच्या मशीनवर पण. आपल्याला क्रॅकबिक नको. कोण कुठल्या साइटवरनं आलेली फाइल, बँकेचं सगळं त्याच्यावरच करायचं.

मामा : आणि आमच्या मशीनवर तीच फाइल घातलीस!

दुरुस्तीवाला : तुम्ही विचारलं कुठं? गिऱ्हाईक म्हणतं विंडोज टाका, आपण टाकतो. लिनक्स म्हटलं की म्हणतात, आमच्यावर काय प्रयोग करतोस? (प्रिंटर मागून बघतो.) हा होय. याला कंपनीचा ड्रायव्हर आहे, नीट बसवायला अर्धा-पाऊण तास जातोय. एका पतसंस्थेत हाच चालू केलाय. तुमच्याकडं टॅली आहे का?

मामा : नाही, जमाखर्च एक्सेलमध्ये.

दुरुस्तीवाला : मग बरं. टॅली असेल, डिजिटल सहीचं ते टोकन असेल, तर मी हात लावत नाही. विंडोज तसंच ठेवून बाजूला हे टाकतो. तुमचं पण बाजूलाच टाकू. सुरू करताना विचारतंय, कुठलं पाहिजे. दादा, पेनड्राइव्ह ठेवून जाता? याच्यावरनंच आणखी दोन-तीन घरं होतील.

मामा : किती घेणार तू त्यांच्याकडून?

दुरुस्तीवाला : फॉरमॅटचे घेतो तेच. पाचशे.

मामा : अरे, फुकटची वस्तू विकणार? भाच्या, चालतं हे?

भाचा : चालतं. परवान्यात परवानगी आहे. स्टॉलमननं स्वतः आपल्या प्रोग्रॅमच्या टेपा दीडशे डॉलरना विकल्यात.

दुरुस्तीवाला : बघा. आणि काका, विंडोजचे तरी तुम्ही कधी दिले? ते पण माझेच पाचशे होते.

मामी : द्या हो. प्रिंटरसकट आहे.

मामा : प्रिंटरसकट पाचशे?

दुरुस्तीवाला : प्रिंटरचे अडीचशे वेगळे.

मामा : साडेसातशे! पेनड्राइव्ह आमच्या भाच्याचा, वीज आमची, पोहे आमचे. सहाशे.

दुरुस्तीवाला : सातशे. आणि मंगळवारच्या नोटिसा काढूनच उठतो.

मामा : साडेसहाशे, आणि पावती पाहिजे. सोसायटीच्या नावानं.