निवांत सरांस अनावृत पत्र

प्रति,
तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक,
मुक्काम समुद्रालगत, जिल्हा रायगड.

विषय : हजेरीपट, गुणदान, भरती-ओहोटी आणि आपला एकंदर निवांतपणा यांबाबत सामुदायिक तक्रार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे, तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेले आपले माजी विद्यार्थी, सविनय तक्रार सादर करतो की आपण आम्हांला तीन वर्षांत काडीचाही त्रास दिला नाहीत. तक्रारीला एवढा उशीर का, असं दुसरा कुणीही विचारेल. तुम्ही विचारणार नाही. उशीर ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे, हेच तुम्हांला कधी पटलं नाही.

आमच्यापैकी कुणीही सत्याच्या ओढीने तत्त्वज्ञानाकडे आलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, भूगोलाला प्रॅक्टिकल होतं आणि वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं, ‘तत्त्वज्ञान घे, सर निवांत आहेत.’ एवढ्या भांडवलावर तुमचा वर्ग भरायचा. थळ, वरसोली, आक्षी, नागाव, पार खाडीपलीकडचं कोर्लई. जिथून एसटी येते तिथून विद्यार्थी येत. कोळीवाड्यातल्या पोरांनी तुमचं नाव ‘भांगाचे सर’ पाडलं होतं. बाहेरगावच्यांनी भलता अर्थ घेऊ नये. अष्टमीच्या सुमाराला भरती धड भरत नाही आणि ओहोटी धड ओसरत नाही, तो भांग.

आता हजेरी. पंचाहत्तर टक्क्यांचा विद्यापीठाचा नियम बाकीच्या सरांच्या हातात छडीसारखा असायचा. तुमचा हजेरीपट वर्षाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरला जायचा. अर्धं वर्ष मामाच्या होडीवर काढलेला एक जणही त्यात अखंड हजर निघाला. त्यालाच लाज वाटली म्हणून तो विचारायला आला, तर तुमचं उत्तर असं : ‘शरीराने वर्गात आणि मनाने बाहेर असणाऱ्या सगळ्यांची हजेरी मी लावतो. तुझ्यावर अन्याय कशाला करू?’ देह आणि मन यांच्या संबंधावर आम्हांला मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं व्याख्यान.

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचं प्रकरण तुम्ही विसरला असाल. आमच्या आया विसरलेल्या नाहीत. ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे हा धडा किल्ल्यात जाऊनच शिकवायचा, असं तुमच्या मनात आलं. ओहोटी कधी, हे कॅलेंडरवर न बघता तुम्ही पाउणकीच्या पाढ्याने काढलंत : एकादशी, अकरा पाउणे सव्वाआठ, सव्वाआठला भरती, त्यात सहा तास मिळवले की अडीचच्या आसपास वाळू उघडी. हिशेब चोख होता. आम्ही पाय न भिजवता गेलो. सिद्धिविनायकाच्या देवळापाशी, चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची पुष्करणी, अशा जागी तुम्ही आम्हांला बसवलंत आणि विल्यम पेलीचं घड्याळ काढलंत. वाटेत घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी घडवलं असणार. मग विश्वाला घडवणारा नको का? १८०२ सालचं त्याचं पुस्तक. पुष्करणीकडे बोट दाखवून एक जण म्हणाला, ‘हे गोडं पाणी म्हणजे देवाचीच करणी.’ त्यावर थळच्या मुलाने पावसाचं पाणी दगडात कसं मुरतं, खाऱ्यावर गोडं कसं तरंगतं, ते शांतपणे समजावून सांगितलं. तुम्ही खूश झालात. म्हणालात, पेलीच्या आधीच डेव्हिड ह्यूम हे बोलून गेला, त्याचे संवाद तो वारल्यावर १७७९ साली छापले गेले. पेलीने पुस्तक लिहिलं तेव्हा उत्तर आधीच बाजारात होतं. मग चर्चा रंगली, आणि ती रंगली असताना समुद्र आपल्या वेळेला परत आला.

तुम्ही म्हणालात, ‘आता पुढची ओहोटी रात्री पावणेतीनला. तोवर अनिष्टाचा प्रश्न घेऊ.’ जगात दुःख का आहे यावर इतक्या आस्थेने चर्चा होण्याचा योग क्वचितच येतो. एकादशी होती, त्यामुळे उपासही आयताच घडला. पलीकडच्या किनाऱ्यावर बॅटऱ्या हलत होत्या, त्यांतल्या दोन-तीन शिव्या देत होत्या. आज असं झालं तर चौकशी समिती बसेल, आणि ती बसायलाच हवी. पण परीक्षेत अनिष्टाच्या प्रश्नावर आमच्या वर्गाने जे लिहिलं ते गाइडमधलं नव्हतं, हेही चौकशी समितीला कुणीतरी सांगावं.

पोपटीबद्दल आमची तक्रार नाही, विद्यापीठाची असू शकेल. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की तुमचं तर्कशास्त्र शेताच्या बांधावर जायचं. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, ओवा, खडेमीठ, मधे अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा भांबुर्डी गच्च कोंबायची. मडकं उपडं, भोवती गोवऱ्या आणि पेंढा. पेंढा ढणाणा पेटला की तुम्ही नैयायिकांचं पंचावयवी अनुमान सुरू करायचात. पोपटी शिजली आहे, ही प्रतिज्ञा. कारण मडक्यावर पाणी मारल्यावर चर्र होतं, हा हेतू. जिथे जिथे चर्र होतं तिथे तिथे शिजलेलं असतं, जशी गेल्या साली नागावची पोपटी, हे उदाहरण. इथेही चर्र झालं, हा उपनय. म्हणून शिजली, हे निगमन. मडकं उघडलं तर शेंगा झकास आणि कोंबडी कच्ची. तुम्ही कच्च्या तंगडीकडे बघत समाधानाने म्हणालात, ‘सव्यभिचार हेत्वाभास. लक्षात ठेवा.’ लक्षात राहिला. त्या साली उत्तरपत्रिकांमागून उत्तरपत्रिकांत धूर आणि पर्वताच्या ठरीव उदाहरणाऐवजी वाल आणि कोंबडी वाचताना मुंबईतल्या परीक्षकांचं काय झालं असेल, देव जाणे. गीतेच्या बाबतीत मात्र तुमची गती लाजिरवाणी होती. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारांत अठरा अध्याय सांगून संपवले. तुम्ही आमच्यासोबत पूर्ण वर्ष काढून दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञापाशी थांबलात. बहुधा घरचं माणूस भेटल्यासारखं झालं असावं.

धर्माचं तत्त्वज्ञान हा पेपर तुम्ही कसा शिकवलात, हे मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खरी तक्रार तिथून निघते. पाठ्यपुस्तक तुम्ही वर्गात आणलंच नाहीत. आम्हांला अलिबागच्या इस्राएल आळीत घेऊन गेलात, १८४८ सालच्या मागेन आबोथ सिनेगॉगसमोर उभं केलंत आणि बेने इस्राएलांची परंपरा सांगितलीत : नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, वाचलेल्या थोड्या माणसांनी इथे वस्ती केली, ग्रंथ समुद्रात गेले. मग इथल्यांसारखी भाषा, इथल्यांसारखा पेहराव, तेलाचा घाणा, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून शनिवार तेली. शेमा ही एवढीशी प्रार्थना तोंडात राहिली. एलियाहू पैगंबराच्या नावाचा मलिदा पोहे, गूळ, खोबरं घालून झाला, म्हणजे कोकणीच झाला.

पुढच्या आठवड्यात रेवदंडा. त्वेरचा व्यापारी अफनासी निकीतिन १४६९च्या सुमारास शेजारच्या चौल बंदरात उतरला, त्याच्या नावाचा स्तंभ तिथे आहे. त्याला आस्त्राखानजवळ लुटलं तेव्हा त्याची धर्मपुस्तकं गेली. पुढे हिंदुस्थानात ईस्टर कधी, उपास कधी, काही कळेना. बिचारा मुसलमानांच्या उपासात आपले उपास मिळवू लागला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा धरला आणि सांगितलं, आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. तुम्ही वर्गाला विचारलंत, तुम्ही काय केलं असतं? मागून प्रश्न आला, ‘घोडा केवढ्याचा होता, सर?’ तुम्ही तितक्याच गंभीरपणे सांगितलंत, ‘शंभर रूबल.’ मग हसू ओसरल्यावर हळूच मुद्द्यावर आलात : पुस्तक बुडालं, पुस्तक लुटलं गेलं, तर धर्माचं काय उरतं? तोंडातली प्रार्थना, ताटातला नियम, आठवड्यातला एक वार? सर, हा प्रश्न आमच्या अजून मागे लागलेला आहे. त्याबद्दल स्वतंत्र तक्रार नोंदवावी.

आणि मग तिने हात वर केला. महाडकडून आलेली, हॉस्टेलला राहणारी, दुसऱ्या बाकावरची. ‘सर, बुडालेल्या पुस्तकाचं कळलं. जाळलेल्याचं काय?’

वर्गात जे पुढे झालं ते तुम्हांला आठवतं का, माहीत नाही. तुम्ही हसलात, तुमचं ते सगळ्यांना आवडणारं हसू, आणि म्हणालात, ‘ह्याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं.’ आंधळे आणि हत्ती आले. जैनांचा अनेकान्तवाद आला. मग तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, जे तुम्ही एरवी कधीच पाहत नसा, आणि म्हणालात, ‘चला, चहा घेऊ.’ आम्ही चहा घेतला. चहा चांगला होता. पुढच्या तासापासून ती शेवटच्या बाकावर बसू लागली.

सर, दोन बाजू कुठल्या ते तरी सांगायचं होतं. १९२७च्या मार्चमध्ये, वीस तारखेला, अस्पृश्य म्हणवलेली माणसं महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेली आणि मार खाऊन परतली; तळ्याचं मग शुद्धीकरण झालं. डिसेंबरात परिषदेसाठी परत यायचं तर धरमतरच्या मोटारवाल्यांचा भरवसा नाही म्हणून बाबासाहेब आणि त्यांची मंडळी पद्मावती बोटीने निघाली, दासगावला उतरली आणि तिथून महाडला चालत गेली. तोच हा समुद्र, ज्याच्या भरतीचं गणित तुम्ही आम्हांला शिकवलंत. परिषदेला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, ते जन्माने ब्राह्मण. पंचवीस तारखेच्या रात्री ती जाळली. पुस्तक गेल्यावर धर्माचं काय उरतं, हा तुमचाच प्रश्न तिथे कुणाच्या हातून चुकून घडला नव्हता, ठरवून विचारला गेला होता. तो विचारणाऱ्यांत निवांत कोण होतं?

जैन आचार्यांनी अनेकान्त मांडला आणि त्याच बळावर बौद्धांशी, नैयायिकांशी पिढ्यानपिढ्या वाद घातले, ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. समोरच्याची बाजू नीट मांडून मग ती खोडायची, असा त्यांचा खाक्या. चहाची वेळ झाली म्हणून कुणी उठून गेल्याचं तुम्ही तरी आम्हांला शिकवलेलं नाही. निवांतपणा सगळीकडेच वाईट असं नाही. ‘अलिबागसे आया है क्या’ या टोमण्याविरुद्ध कुणी उच्च न्यायालयात गेलं होतं, २०१९मध्ये न्यायालयाने ते मनावर घेऊ नका म्हणून परत पाठवलं. तुम्हीही हेच म्हणाला असतात, आणि तिथे ते ठीक होतं. देव आहे की नाही, घोडा की धर्म, कोंबडी शिजली की नाही, इथे तुमचा निवांतपणा आम्हांला मोकळं करत गेला. महाडच्या प्रश्नावर त्याच निवांतपणाने आम्हां बाकीच्यांना मोकळं केलं, तिला नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी हायसं वाटलं होतं, आणि हे लिहायला आम्हांला इतकी वर्षं लागली, यात तुमच्या शिकवणीचा हात नाही असं म्हणवत नाही.

शेवटी गुणदान. तुमच्या ट्यूटोरियलला सगळ्यांना साठ मिळायचे. नऊ पानं लिहिणाऱ्याला साठ. शंकराचार्यांच्या जागी चुकून शंकर महादेवनबद्दल लिहिणाऱ्यालाही साठ. फक्त एकदाच, शून्यवादावरच्या प्रश्नाला कोरा कागद देणाऱ्याला तुम्ही बासष्ट दिलेत. तिने त्या सत्रात मनुस्मृती दहनावर चार पानं लिहून दिली होती. दोन्ही बाजू मांडल्या होत्या, आणि मग एक निवडली होती, कारणं देऊन. त्यावर तुमच्या लाल शाईत फक्त साठ आहे. एक रेघ नाही, एक प्रश्नचिन्ह नाही. वाचलंत की नाही, तेही कळत नाही.

ती आता माणगावच्या कोर्टात वकिली करते. ती पानं तिने ठेवली आहेत. झेरॉक्स सोबत जोडली आहे. तरी महोदयांनी ती सवडीने वाचावी, सवडीची आपल्याकडे कधी टंचाई नव्हती. न पटेल त्याखाली रेघ मारावी, का पटलं नाही ते समासात लिहावं आणि गुण नव्याने द्यावेत. साठ सोडून कितीही दिलेत तरी तिची हरकत नाही, असं तिने लेखी कळवलं आहे.

आपले,
अखंड हजर विद्यार्थी

सोबत : झेरॉक्स, पानं चार. लाल रिफिल, एक.