बेतवेवरची खोटी माशी

नदीचं पाणी २५ अंशांच्या आसपास गेलं की ट्राउट माशाचा जीव कासावीस होतो. झाशीकडच्या मोठ गावात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते आणि माणसं त्या हवेत वरातीपुढे नाचतात. बेतवा नदीत ट्राउट का नाही, हे यावरून कुणालाही समजावं. स्कॉटलंडहून आलेल्या आमच्या साडूभाऊंनाही ते समजलं होतं, फक्त पटलं नव्हतं.

त्यांची अडचण खरी होती. तिकडे ६ ऑक्टोबर उलटला की तपकिरी ट्राउटला गळ दाखवायची सोय नाही, ती थेट १५ मार्चपर्यंत. बरं, सुट्टी काढून भारतात यावं, तर हिमाचलातही १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी. थंडी हा या माशाचा विणीचा हंगाम. मुळात हा इथला नव्हेच. काश्मीरच्या ओढ्यांत साहेबाला घरचा मासा हवा होता, म्हणून त्याची अंडी विलायतेहून बोटीने आणवली गेली. १८९९ची पहिली खेप फुकट गेली, पुढच्या वर्षीची तगली. साहेब गेला, मासा राहिला आणि मासा धरायचं लायसन्सही राहिलं.

शेवटी तडजोड झाली ती महसीरवर. तो बेतवेत आहे, आणि बायकोच्या मावशी झाशीत आहेत. लक्ष्मीबाईंचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथल्या प्रत्येक उत्सवात मावशींचं घर पिढ्यान् पिढ्या पुढे असतं. मराठी घरात टिकलीय, पण वाटेत बरंच काही उचलून. साडूंनी टेबलावर डबी उघडून कोंबड्याची पिसं आणि सशाचे केस गुंडाळून केलेल्या नकली माश्या मांडल्या, तेव्हा मावशी लांबूनच म्हणाल्या, "हे जेवायच्या टेबलावरून हटवा आधी. आणि मासा धरून काय करणार?"

"सोडून देणार."

"मग त्याला बेकार परेशान का करायचं?"

मावशींचं माहेर महाडचं. तिथे वाळण कोंडीतले महसीर देवाचे मानतात, लोक त्यांना कुरमुरे घालतात आणि हात जोडतात. माशाला नकली जेवण दाखवायचं, ही कल्पनाच त्यांना पाहुणचाराच्या विरुद्ध वाटली.

पहाटे कानपूर रस्त्याला लागलो. बुंदेलखंडातलं धुकं असं की गाडीचं बोनेटसुद्धा ऐकीव माहितीवर मान्य करावं लागतं. पारीछा धरण आणि तिथल्या वीजकेंद्राची धुराडी याच वाटेवर आहेत असं ड्रायव्हरने सांगितलं, आम्ही मान डोलावली. धरण १८८६ साली पुरं झालं आणि त्याच वर्षी पुढच्या चिरगावात कवी मैथिलीशरण गुप्त जन्मले. चिरगावही धुक्यातच गेलं. प्रवासवर्णनाला हे धुकं फार सोयीचं. काही न पाहता सगळं लिहिता येतं.

मोठला मात्र ऊन पडलं आणि जिकडेतिकडे मटार दिसू लागला. इथले गोसावी एकेकाळी मोठे प्रस्थ होते. राजेंद्रगिरी गोसाव्यांनी इथे गढी बांधून आजूबाजूच्या गावांवर अंमल बसवला होता, आणि झाशीचा कारभार पाहणाऱ्या नारोशंकरांनी त्यांना इथून उठवलं. ही हकिगत मी रंगवून सांगत होतो. साडूंनी एकच विचारलं, नदी किती लांब? नदी मोठमध्ये नाहीच, ती पुढे एरचकडे. मराठ्यांच्या इतिहासात एवढा कमी रस घेणारा माणूस मी आमच्या नाशिकात तरी पाहिला नाही.

एरचचं म्हणणं असं, की हिरण्यकश्यपूची राजधानी तीच. जवळच्या डिकौलीच्या टेकडीवरून प्रल्हादाला बेतवेत ढकललं आणि तो बुडाला नाही. फ्लाय-फिशिंगवाल्याला हीच गोष्ट साधायची असते. त्यांच्यात एक 'कोरडी माशी' असते, ती पाण्यावर तरंगतच राहिली पाहिजे. साडूंची कोरडी माशी पडल्याबरोबर बुडाली. बहुधा तिची भक्ती कमी पडली.

या विद्येत वजन माशीला नसतं, दोरीला असतं. दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे झोकायची, त्यासाठी मागे दहा-बारा मीटर मोकळी जागा लागते. स्कॉटलंडात मागे गवत असतं. आमच्या मागे बोरी-बाभळी होत्या, एक म्हैस होती आणि काही मुलं होती. माशी बोरीत अडकली की मुलं ती सोडवून आणत आणि हमाली म्हणून बोरं खात. म्हैस एकदाच वाचली. शिवाय थंडीत महसीर सुस्तावतो, फारसा खात नाही. म्हणजे हे पाणी उन्हाळ्यात ट्राउटला गरम आणि थंडीत महसीरला गार. साडूंनी नेमका कुणाच्याच उपयोगाचा नसलेला महिना गाठला होता.

जाळी सुकवणारे एक कक्का बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी गळ हातात घेतला. "भैया, जामें चारो तो हैई नइयाँ!" चाऱ्याशिवाय गळ टाकणाऱ्या माणसाबद्दल त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी कणकेची गोळी देऊ केली. साडूंनी ती अशी नाकारली, की जणू संकष्टीला कोणी अंडं पुढे केलंय.

मग मोटरसायकलवर ठेकेदाराचा माणूस आला. नदीच्या त्या पट्ट्यातल्या मासेमारीचा ठेका दिलेला होता. साडू उलट खूश झाले. परवाना हवा, पैसे घ्या, पण पावती द्या, असा त्यांचा आग्रह.

माणसाने पावतीपुस्तक काढलं. त्यात रकाने तीन: मासा, वजन, रक्कम.

"कितनी पकड़ी?"

"एकही नाही."

"फिर पैसा किस बात का?"

"पकडली तरी मी सोडणार आहे."

माणसाने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. पैसे द्यायला हटून बसलेलं गिऱ्हाईक त्याच्या धंद्यात नवीन असावं. तो कक्कांकडे बघायला लागला, कक्का जाळ्याकडे. अखेर त्याने विचारलं, निदान कोणता मासा पकडायला आलात ते तरी सांगा. साडू क्षणभरही न थांबता म्हणाले, "ट्राउट."

त्याने लिहिलं: टिराउट. वजन शून्य. रक्कम शून्य. खाली सही करून पावती फाडून दिली आणि गाडीला किक मारता मारता विचारलं, "साब, ये मछली इधर कब से आने लगी?"