गिअर मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

सायकलीला किती गिअर आहेत असं कुणी विचारलं, तर आकडा सांगू नये. विचारणाऱ्याला उकिडवं बसवून दाते मोजायला लावावेत. दुकानदार 21 सांगतो, कारण पुढे तीन चकत्या, मागे सात, आणि पाढे त्याला पाठ आहेत. पण पुढे 28, 38, 48 आणि मागे 14 ते 28 दाते ही नेहमीची जोडणी घ्या. 28 ला 14 लावले की पायडलच्या एका फेरीत मागचं चाक दोनदा फिरतं. 48 ला 24 लावले तरी दोनदाच. म्हणजे एकाच गिअरचे पैसे दोनदा मोजले. 38 ला 18 आणि 38 ला 20 हेही त्यापासून पाच-सहा टक्क्यांच्या फरकाने शेजारीच नांदतात. शिवाय 28-14 वर चेन इतकी तिरपी धावते की कुरकुरून निषेध नोंदवते.

तेव्हा मोजणी सोडून मापनाकडे वळावं. इंग्रजी रिवाजानुसार दात्यांच्या भागाकाराला चाकाच्या व्यासाने गुणावं. 26 इंची चाकावर वरची जोडणी 26 पासून 89 इंचांपर्यंत जाते. हे इंच सायकलीवर कुठेही सापडत नाहीत. पूर्वीच्या उंच सायकलींचं पायडल थेट पुढच्या चाकाला असे आणि त्या चाकाचा व्यास हाच गिअर. चेन आली, चाक लहान झालं, हिशेब मात्र त्या गेलेल्या चाकाचाच राहिला. नसलेलं चाक मोजणं हास्यास्पद आहे, असा आक्षेप येईल. पण हॉर्सपॉवर वाचून बॉनेटखाली घोडे कोण शोधतो? खरी अडचण वेगळीच आहे: इंचांतून पुढचा हिशेब थेट निघत नाही. फ्रेंच लोक एका फेरीत सायकल किती मीटर जाते ते सांगतात, आणि मग गणित बोलू लागतं. सायकलपटू एडी मर्क्सने 1972 साली मेक्सिको सिटीत 52-14 वर तासाभरात 49.431 किलोमीटर कापले. एका फेरीला जवळजवळ आठ मीटर धरले, तर तासभर मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या! इंच इंच लढवणाऱ्यांना हे कळायला आधी पायने गुणावं लागतं.

एवढ्यावर कुणी क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, लांबीचा मुद्दा काढेलच. अमेरिकेच्या सायकल-तज्ज्ञ शेल्डन ब्राउनने चाकाची त्रिज्या भागिले क्रँकची लांबी, गुणिले दात्यांचं गुणोत्तर, असं निव्वळ प्रमाण सुचवलं: पाय एक मीटर फिरला तर सायकल किती मीटर सरकली. तर्क बिनतोड आहे, म्हणूनच गप्पांत कुणी वापरत नाही. वाद चिघळला तर खडू आणि टेप आणावी. पायडल अगदी खाली, जमिनीवर पहिली खूण. सायकल पुढे ढकलू नये; फ्रीव्हील टकटक करेल आणि पायडल ढिम्म राहील. मागे ओढावी, पायडल फिरून पुन्हा खाली आलं की दुसरी खूण. 28-14 वर हा प्रयोग टाळावा, चेन उतरते. हवा कमी असेल तर माप थोडं कमी भरतं. प्रतिपक्षाच्या टायरला पंप मारण्याची घाई करू नये.