कोऽहम्? ओळखपत्र दाखवा!

उज्जैनला हल्ली आपली पुण्या-नाशकाची मंडळी नुसत्या दर्शनाला जात नाहीत, ‘स्वतःला भेटायला’ जातात. भेट पहाटे चारची, महाकाल मंदिरातल्या भस्मआरतीला. नोंदणी आधी ऑनलाइन. ‘मी कोण?’ हा उपनिषदांपासून लोंबकळत पडलेला प्रश्न महाकालाच्या दारात चुटकीसरशी निकाली निघतो. ओळखपत्र दाखवा, पुढे सरका. याहून जास्त आत्मज्ञान पहारेकऱ्याला नको असतं.

डिसेंबर 2022पासून मंदिरात मोबाइलला बंदी आहे, आणि खरी साधना तीच. सोवळं नेसलेला गृहस्थ रांगेत उभ्या उभ्या कमरेशी हात नेतो, खिसाच नाही हे ध्यानात येऊन ओशाळतो, आणि मिनिटभरात हात पुन्हा तिथेच! स्वतःची खोड इतक्या जवळून दाखवायचे आत्मशोधाचे शिबिरवाले चांगले पैसे घेतात. पिंडीवर भस्म चढताना बायकांना मात्र तोंडावरून पदर ओढायला लावतात. म्हणजे देहाच्या नश्वरतेची जाणीव नवऱ्याला होणार आणि ती तो परतीच्या गाडीत बायकोला समजावून सांगणार.

उरलासुरला आत्मशोध क्षिप्रेकाठच्या रामघाटावर. तिथे बुडी मारून जो तो आपला अस्सल ‘स्व’ धुंडाळतो. क्षिप्रेत 2014च्या नदीजोड प्रकल्पापासून नर्मदेचं पाणी पंपानं चढवून आणतात. आता क्षिप्रा बिचारी स्वतःला शोधायला कुठल्या शिबिरात नाव घालणार? संकल्प सांगताना गुरुजी मात्र क्षिप्रेचंच नाव घेतात. दक्षिणाही तिच्याच खात्यावर.