अळणी देव आणि आमचा उपवासकाळ

राखेचा बुधवार उजाडला की आमच्या वसईतले पुरुष एका सकाळीत संत होतात. उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून नाताळ झाल्याबरोबर सगळ्या वाड्या आपापली लग्नं उरकायच्या मागे लागतात. मटणाच्या पंक्ती उठवून उठवून पोटं इतकी शिणतात की डॉक्टर जे सांगणार तेच चर्च सांगतं, आणि तेही फी न घेता. मग हे लोक सकाळच्या मिस्साला जातात, कपाळाला राख लावून घेतात आणि परतल्यावर उंबरठ्यावरूनच जाहीर करतात, "चाळीस दिवस मटण बंद!" जाहीर करून पेपर वाचायला बसतात. 'मग आता करू काय?' हा प्रश्न पुढे चाळीस दिवस ज्यांच्या ओट्यावर बसून राहतो, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

त्या दिवशी मिस्सात वाचतात ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. उपवास करायचा तर तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून, कुणाला पत्ता लागणार नाही असा करा, असा त्याचा आशय. हे ऐकून उठतो न उठतो तोच गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर येते. ती मग दिवसभर कुणी पुसत नाही. आमचे हे त्या दिवशी बँकेत, बाजारात आणि विजेचं बिल भरायला मुद्दाम स्वतः जातात. एरवी बिल भरायचं काम माझं.

उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातले छोटे ख्रिस्ती समूह दर रविवारी साडेचारला एकेका घरी जमतात. अभ्यासाची पद्धत सात पायऱ्यांची. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने ती तयार केली आणि तिथून ती जगभरच्या धर्मग्रामांत गेली. प्रभूला बोलवायचं, उतारा वाचायचा, मनात अडकलेला शब्द मोठ्याने म्हणायचा, शांत बसायचं, मग एकमेकांना अनुभव सांगायचे, काय करायचं ते ठरवायचं, आणि शेवटी प्रार्थना. आमच्या वाडीने यात आठवी पायरी घातली आहे, चहाची. तिची तयारी चौथ्या पायरीलाच सुरू होते. चौथी पायरी म्हणजे शांतता, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातल्या कपबश्या फार स्पष्ट ऐकू येतात. त्यामुळे ज्या घरी बैठक असते तिथल्या बाईला पाचव्या पायरीला काय चाललं होतं ते सहसा नवऱ्याकडूनच कळतं, म्हणजे कळत नाही. पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'फक्त चहा'. पण चहाबरोबर सुकेळी दिली तर ते खाणं धरायचं नाही, असा आमच्या वाडीचा जुना धर्मसिद्धान्त आहे. गेल्या दोन वर्षांत तो बटाटवड्यापर्यंत पोहोचला आहे.

चर्चचा कायदा तसा मवाळच आहे. खरा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. साठीत पाय पडला की सुटका. मांस वर्ज्य करायचं ते राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी, १४ वर्षांपुढच्या सगळ्यांनी. मासे मात्र चालतात. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वसईचा किनारा नसणार. आमच्याकडे शुक्रवारी मटण सोडून कोलंबीचं कालवण आणि तळलेलं पापलेट खाल्लं जातं आणि त्याला प्रायश्चित्त म्हणतात. हिशेब मांडला तर शुक्रवारचं प्रायश्चित्त रविवारच्या जेवणापेक्षा महाग पडतं. शिवाय कोलंबी सोलायची असते. ती कोण सोलतं, याबद्दल कायद्यात काही नाही.

पाचव्या पायरीला प्रश्न ठरलेला, "या उपवासकाळात आपण काय सोडलं?" पुरुष हिरिरीने सांगतात. एकाने मटण सोडलेलं असतं, एकाने बिअर. एका काकांनी टीव्हीवरच्या मालिका सोडल्या, म्हणजे संध्याकाळी टीव्हीच बंद ठेवला. मालिका काकू बघत होत्या. बायका गप्प बसतात. एकदा फादरांनी फारच आग्रह केला तेव्हा कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "आम्ही काय सोडणार, फादर? तुम्ही लोक सोडता, ते आम्ही संपवतो."

अशाच एका उपवासकाळात धर्मग्रामाची यात्रा तमिळनाडूतल्या वेलंकनीला गेली. परतताना बस कुंभकोणमला कॉफीसाठी थांबली आणि ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, इथून सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् आहे, राहूचं देऊळ, माझा नवस आहे, अर्धा तास द्या. नवसाच्या माणसाला नाही म्हणून पुढचा घाट उतरायची आमची हिंमत नव्हती. तिथे राहूच्या मूर्तीवर दूध ओतलं की ते निळं होतं, असं भाविक सांगतात, आणि रविवारी राहूकाळात, साडेचार ते सहा, अभिषेकाला रांगा लागतात. साडेचार ते सहा ही आमच्या समूहाची वेळ! अभ्यास पहिल्या पानाच्या पुढे का सरकत नाही, याचं पटण्यासारखं कारण मला तिथे पहिल्यांदा मिळालं.

अर्धी बस माळ म्हणत जागेवर बसून राहिली. आम्ही काही जण पाय मोकळे करायला उतरलो, तर जवळच दुसरं मोठं देऊळ, ओप्पिलियप्पन पेरुमाळचं. आमचं बोलणं ऐकून एक आजी थबकल्या. कुंभकोणमच्या बाजूला तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासूनची मराठी घरं आहेत, त्यातल्या एका घरच्या. त्यांनी देवळाची गोष्ट सांगितली. मार्कंडेय ऋषींनी तुळशीखाली सापडलेली मुलगी वाढवली. पंगुनी महिन्यात विष्णू म्हाताऱ्याच्या वेषात तिला मागणी घालायला आले. ऋषी म्हणाले, पोर लहान आहे, जेवणात मीठ घालायचंही तिला कळत नाही. देव म्हणाले, मी अळणी खाईन. तेव्हापासून आजतागायत इथला नैवेद्य अळणी.

पंगुनी म्हणजे मार्च-एप्रिल, ऐन आमचा उपवासकाळ. पण आमचा चाळीस दिवसांत आटोपतो. या देवाने बायकोच्या हातचं जेवण नावं न ठेवता खाता यावं म्हणून मीठ सोडलं ते कायमचं, आणि त्याबद्दल कपाळाला काही लावून तो बिल भरायला गेला नाही.

आजींनी आम्हाला प्रसाद दिला. आमच्या ह्यांनीही घेतला. पहिल्या घासालाच ज्यांचा हात मिठाच्या बरणीकडे जातो, त्या माणसाने तो अळणी भात मुकाट्याने संपवला आणि वर "छान आहे" असंही म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि ते दुसऱ्याच्या स्वयंपाकाला.

पुढच्या बैठकीचा उतारा नेमका मत्तयच्या पाचव्या अध्यायातला निघाला, येशू शिष्यांना मीठ म्हणतो तो. पाचव्या पायरीला मी तिरुनागेश्वरम्‌ची अळणी देवाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, चाळीस दिवस मटण सोडण्याऐवजी आपल्यापैकी कुणी 'मीठ कमी आहे' एवढं म्हणायचं सोडेल का? चौथी पायरी पाचवीनंतर पुन्हा आली. एक काका म्हणाले, तो त्यांचा देव, आपलं वेगळं. दुसरे म्हणाले, मला रक्तदाबामुळे मीठ बंदच आहे, ते यात धरता येईल का? फादर चष्मा पुसत राहिले; त्यांचा स्वयंपाकही एक बाईच करते. मग त्यांनी उत्तर सुरू केलं आणि ते बरंच लांबलं. आमच्या मराठीत ही परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातही श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री समजावत बसतो. ते पुराण दहा हजार ओव्यांच्या पुढे गेलं ते उगाच नाही.

सहाव्या पायरीला बायकांनी ठराव मांडला. उपवासकाळातल्या शुक्रवारी स्वयंपाक घरातल्या पुरुषाने करावा, मासे आणल्यास त्यानेच साफ करावेत, आणि जे ताटात येईल ते सर्वांनी न बोलता खावं. चिटणीस काकांनी नोंदवहीत 'विचाराधीन' असं लिहिलं होतं. मावशींनी वही ओढून घेतली, ते खोडून 'मंजूर' केलं आणि तारीख घातली.

पहिल्या शुक्रवारी आमच्या ह्यांच्या वालाच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. मी ठरावाप्रमाणे ताट स्वच्छ केलं आणि अवाक्षर काढलं नाही. त्यांनी स्वतः मात्र दोन घासांतच ठराव मोडला.

येत्या उपवासकाळात ठराव पुन्हा येणार आहे. इतर वाड्यांतल्या बायांना नक्कल हवी असल्यास मावशींकडे मिळेल. झेरॉक्सचा खर्च आपापला.