सपाट चमचा

स्वयंपाकघरात नको तिथे लुडबुड करणारे पुरुष पुष्कळ असतात, पण आमच्या अण्णांची जात वेगळी. ते कशाची चव घेत नाहीत, काही ढवळत नाहीत. फक्त मोजतात. उभा जन्म हिशेबतपासणीत गेलेला. ताळा जुळला नाही की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. निवृत्तीनंतर ताळा जुळवायला हाताशी उरला तो काकूंचा मिसळणाचा डबा.

नानकटाईला १०० ग्रॅम मैदा हवाय आणि घरात काटा नाही, असं कुणी नुसतं पुटपुटावं, अण्णांच्या खिशातून डायरी निघालीच. ‘‘साडेबारा टेबलस्पून. सपाट! शीग लावायची नाही.’’ शीग म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. चमचा भरून ते तो डोळ्यांसमोर आडवा धरतात, सुरीच्या पाठीनं वरची शीग सावकाश उतरवतात आणि उतरवलेलं पीठ परत डब्यात टाकतात. शेवटच्या अर्ध्या चमच्याला सुरी उभी लावून मधोमध वाटणी होते. तोवर काकूंची नानकटाई भाजून गार झालेली असते.

गणित मात्र चोख, हे मान्यच करायला हवं. काटा वजन मोजतो, चमचा जागा मोजतो. त्यामुळे १५ मिलिलिटरचा तोच टेबलस्पून मैद्यानं भरला तर साधारण ८ ग्रॅम, लोण्यानं १४ आणि मधानं २१. चहाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात साखर मावते ४ ग्रॅम, बारीक मीठ ६. अण्णा हे पाढ्यांसारखं म्हणून दाखवतात. पंचाईत असते चमच्यांची. काकूंच्या घरातले चमचे हळदीकुंकवाच्या वाणात आलेले, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. अण्णांनी औषधाच्या मापानं पाणी ओतून एकेकाची परीक्षा घेतली आणि पास झालेल्या एकुलत्या एका चमच्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. दोरा ओशट होतो म्हणून काकूंनी दुसऱ्याच दिवशी कापून टाकला.

पण अण्णांचा खरा कस लागला तो गोड्या मसाल्याला. त्यांच्या आईच्या हातची यादी, सगळी तोळ्यांत. ‘दगडफूल २ तोळे.’ तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे झाले सव्वातेवीस ग्रॅम आणि वर थोडं. इथवर ठीक. पण चमचे किती? दगडफुलाला फुंकर मारली तरी ते ओटाभर होतं. चमच्यात दाबावं तर चुरा, न दाबावं तर निम्मं बाहेर लोंबतंय. अण्णांनी डायरीत ‘हलके दाबून’ असा नवा रकाना पाडला. पुढची ओळ तमालपत्राची होती. ते चमच्यात आडवं बसेना की उभं राहीना.

‘‘अहो, ते पानांवर मोजतात,’’ काकू म्हणाल्या.

‘‘पान केवढं?’’ म्हणत अण्णा पट्टी शोधायला गेले.

त्यांची लेक मेलबर्नला असते. दिवाळीत तिनं फोनवर विचारलं, शंकरपाळ्यांना मोहन किती? काकू सांगत होत्या, ‘‘तूप कडकडीत कर, आणि पिठाचा मुटका वळला की पुरे.’’ एवढ्यात अण्णांनी फोन हिसकावला. ‘‘अगं, तिकडचा टेबलस्पून २० मिलिलिटरचा. आपले चार लागतात तिथे तू तीनच घाल.’’ ऑस्ट्रेलियात टेबलस्पून खरंच २० मिलिलिटरचा असतो. अण्णांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पोरीनं तीनच घातले, तेही सपाट. फक्त तिच्या हातातला चमचा तिच्या रुखवतातला होता, पुण्याहून नेलेला. शंकरपाळे असे झाले की जावयानं ते चहात बुडवून, वाट पाहून खाल्ले.

तेव्हा तुमच्याकडे काटा नसेल तर खुशाल अण्णांकडे जा, आकडा बिनचूक मिळेल. जाताना आपला चमचा तेवढा बरोबर घ्या, आणि गॅसवर फोडणी ठेवून जाऊ नका.